शुगर आहे की नाही? सासर-माहेरच्या दोन रिपोर्टांचं एक प्रकरण

हे प्रकरण एकाच घरातलं जसंच्या तसं नाही. आहारतज्ज्ञ म्हणून गरोदर बायकांसोबत काम करताना पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मांडलं आहे. कुणाची ओळख उघडी पडू नये हा त्यामागचा हेतू. बाईचे आकडे त्यामुळे नमुन्याचे आहेत; तपासण्या, त्यांचे निकष आणि औषधांचे डोस मात्र आज प्रत्यक्ष वापरात असलेले आहेत.

बाई 24 वर्षांची, पहिलटकरीण. सासर सातारा जिल्ह्यात, माहेर सांगली जिल्ह्यात, नवरा चाकणला कंपनीत. दहाव्या आठवड्यात सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवलं, माता व बाल संरक्षण कार्ड मिळालं, पहिली साखरेची तपासणी तिथंच झाली आणि ती व्यवस्थित होती. इथवर कुठलाच घोळ नाही. घोळ सातव्या महिन्यात सुरू झाला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत आहे आणि ती मायेची आहे, पण तिचा एक परिणाम आपण फारसा मनावर घेत नाही: गरोदरपणाच्या ऐन नाजूक टप्प्यावर डॉक्टर बदलतात, लॅब बदलते, घर बदलतं, सल्ला देणारी माणसं बदलतात. कार्ड पिशवीतून सोबत जातं, पण त्यावर लिहिलेल्या गोष्टींमागचा विचार सासरीच राहतो.

ती माझ्याकडे आली तेव्हा 28 वा आठवडा सुरू होता. सोबत आई. फाइल जाडजूड. पंधरा दिवसांत वजन सव्वा किलोनं उतरलं होतं आणि लघवीच्या तपासणीत कीटोन दिसत होते, म्हणजे शरीर उपाशी राहून चरबी जाळत होतं. शेवटच्या तिमाहीच्या तोंडावर वजन वाढायला हवं, तिथं ते कमी होत होतं. माझ्या दृष्टीनं त्या दिवशीची सर्वांत गंभीर गोष्ट हीच होती, आणि ती ज्या कारणासाठी आली होती ते कारण वेगळंच होतं. तिचा प्रश्न एवढाच: "मॅडम, मला शुगर आहे का नाही, एकदाचं सांगा."

तिला कोणी काय सांगितलं होतं, ते आधी नीट लिहून घेतलं. सासरच्या आरोग्य केंद्रात 25 व्या आठवड्यात ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी साखर तपासली होती. आली 149. वैद्यकीय अधिकारी बाईंनी कार्डावर लाल पेनानं लिहिलं, गोड बंद करायला सांगितलं आणि दोन आठवड्यांनी जेवणानंतरची साखर तपासायला बोलावलं. त्याआधीच ती माहेरी आली. माहेरच्या खासगी डॉक्टरांनी उपाशीपोटी पुन्हा तपासणी करून घेतली, तीन वेळा रक्त काढून. आकडे आले 86, 168 आणि 144. डॉक्टर म्हणाल्या, रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नकोस.

सासूबाईंचा फोन आला की आम्ही असल्या टेस्टा कधी केल्या नाहीत, दोन जिवांचं खायचं असतं. सोबत डिंकाच्या लाडवांचा डबाही धाडला. शेजारच्या काकूंना स्वतःला पंधरा वर्षांचा मधुमेह. त्यांनी भात, भाकरी, बटाटा, केळं, सगळं बंद करून सकाळी मेथीचं पाणी आणि कारल्याचा रस सुरू करायला सांगितलं. नणंदेचं म्हणणं, लोहाच्या गोळ्या उष्ण पडतात आणि बाळ काळं होतं. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत "वार खाली आहे" असा शेरा होता (वार म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव, प्लॅसेंटा), म्हणून आई तिला खाटेवरून उठू देत नव्हती. सासरच्या आशाताईंनी मात्र निघताना बजावलं होतं की जेवण झालं की चालायचं.

अशा वेळी बाहेरच्या माणसाला वाटतं, ही कुणाचं तरी एकाचं ऐकेल. तसं होत नाही. घाबरलेली गरोदर बाई सल्ल्यांतून निवड करत नाही, ती सगळ्या मनायांची बेरीज करते. हिनं काकूंच्या म्हणण्यानुसार भात-भाकरी सोडली, आईच्या म्हणण्यानुसार चालणं सोडलं, नणंदेच्या म्हणण्यानुसार गोळ्या सोडल्या. लाडू मात्र अधूनमधून खाल्ले, कारण सासूबाईंचं मन मोडवेना. दिवसभरात पोटात जात होतं ते म्हणजे काकडी, ताक, पातळ आमटी, एक अंडं आणि असलाच तर लाडू. प्रत्येकानं आपापल्या परीनं भल्याचं सांगितलं होतं. त्यांची बेरीज तिला उपाशी ठेवत होती.

दोन रिपोर्ट, एकच रक्त

149 आणि 144. दोन्ही आकडे ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांचे. दोन आठवड्यांच्या अंतरानं, दोन वेगळ्या लॅबमध्ये, एकदा खाऊन आणि एकदा उपाशी घेतलेले. रक्तानं दोन्हीकडे जवळजवळ एकच उत्तर दिलं होतं. फरक होता तो रेघ कुठे मारायची याचा.

आपल्या सरकारी आरोग्य सेवेत जी पद्धत चालते तिला 'डिप्सी' म्हणतात. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ती रुजवली. बाई उपाशी असो वा जेवून आलेली असो, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायला द्यायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त तपासायचं. 140 किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरायचा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. यामागचा विचार फार जमिनीवरचा आहे. वडापनं किंवा एसटीनं तासभर प्रवास करून येणाऱ्या बाईला "उद्या उपाशी ये" म्हटलं की ती बहुतेक वेळा येतच नाही. आली त्या दिवशीच तपासणी उरकली पाहिजे. या पद्धतीवर टीकाही आहे. चेन्नईतच 2014 साली झालेल्या एका तुलनेत दिसलं की उपाशी न राहता केलेल्या तपासणीतून बऱ्याच बायका निसटतात. तरीही गाठता येईल अशी तपासणी आणि न होणारी उत्तम तपासणी यांत निवड करायची असेल, तर मी पहिलीच्या बाजूनं आहे.

माहेरच्या डॉक्टरांनी वापरला तो जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 साली स्वीकारलेला निकष. उपाशीपोटी 92, एका तासानं 180, दोन तासांनी 153. यातला एक जरी आकडा गाठला किंवा ओलांडला तर निदान पक्कं. हिचे तिन्ही आकडे खाली होते. म्हणजे त्या डॉक्टरही चुकल्या नव्हत्या.

ही 153 ची रेघ आली कुठून, हे तिला आणि तिच्या आईला मी मुद्दाम सविस्तर सांगितलं, कारण सगळी भीती तिथं अडकली होती. 2008 साली 'हापो' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नऊ देशांतल्या 23 हजारांहून जास्त गरोदर बायका त्यात होत्या. त्यात दिसलं ते असं: आईची साखर जसजशी वाढते तसतसं वजनदार बाळ, सिझेरियन, जन्मल्यावर बाळाची साखर उतरणं या गोष्टींचं प्रमाण हळूहळू वाढत जातं. मध्ये कुठेही अशी पायरी नाही की अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे धोका. जिथे धोका सरासरीच्या पावणेदोन पट होतो तिथे तज्ज्ञांनी बसून रेघ ठरवली. त्या नऊ देशांत भारत नव्हता. आपल्याकडच्या बायकांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचा कल जास्त, हेही लक्षात घ्यायला हवं. 140 ची रेघही अशीच ठरवून मारलेली आहे. जागतिक संघटनेच्याच 1999 च्या जुन्या निकषातून ती आली.

आईला हे पटकन समजलं. रस्त्याला चढ असतो, ग्रामपंचायत मैलाचा दगड कुठे रोवते त्यानं चढ बदलत नाही, असं त्या स्वतःच म्हणाल्या. लेकीचा चेहरा मात्र तसाच राहिला. ती म्हणाली, "म्हणजे आहे म्हणायचं का नाही?"

दोन्ही डॉक्टरांना एकच प्रश्न

इथं मी तिला शिक्क्याचा प्रश्न बाजूला ठेवायला सांगितला आणि दोन्ही डॉक्टरांना एक वेगळा प्रश्न विचारायला लावला: "माझे आकडे असे आहेत. पुढचे दोन आठवडे तुम्ही मला काय करायला सांगाल, आणि कोणत्या आकड्याला औषध सुरू कराल?"

सासरच्या वैद्यकीय अधिकारी बाईंचं फोनवरचं उत्तर सरकारी मार्गदर्शनाला धरून होतं. दोन आठवडे फक्त आहार आणि चालणं. मग जेवणानंतर दोन तासांनी साखर. 120 च्या आत असेल तर तेच चालू ठेवायचं, 120 किंवा वर गेली तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिनचा विचार. माहेरच्या डॉक्टरांचं उत्तर आलं: तू तांत्रिकदृष्ट्या नॉर्मल आहेस, पण काठावर आहेस, घरात मधुमेहाचा इतिहास आहे, तेव्हा आहार सांभाळ, चालत जा, आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर जेवणानंतर दोन तासांनी बघ, सारखी 120 च्या वर जायला लागली तर मला भेट.

दोघींचं उत्तर एकच निघालं. निदानाच्या नावावर एकमत नव्हतं, कृतीवर होतं. विरोधी सल्ल्यांत हे फार वेळा घडतं, आणि बाईपर्यंत मात्र फक्त नावाचा वाद पोचतो, कारण "आहे" आणि "नाही" हे शब्द लक्षात राहतात, त्यापुढची दोन वाक्यं हवेत विरतात.

नावाचा काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. पडतो. माहेरच्या डॉक्टर शिक्का मारायला का कचरत होत्या, तेही समजून घेण्यासारखं आहे. टोरोंटोमधल्या 1996 च्या एका अभ्यासात दिसलं होतं की मधुमेहाचं निदान होऊन उपचार घेतलेल्या बायकांची बाळं नेहमीच्याच वजनाची झाली, तरी त्यांची सिझेरियन जास्त झाली. निदान माहीत असल्यानंच डॉक्टरांचा हात लवकर सुरीकडे जात होता. न्यूझीलंडमध्ये 2022 साली चार हजारांवर बायकांच्या चाचणीत सैल आणि कडक निकषांची थेट तुलना झाली. कडक निकष लावल्यानं कितीतरी जास्त बायकांना मधुमेही ठरवलं गेलं, पण वजनदार बाळांचं एकूण प्रमाण दोन्हीकडे सारखंच राहिलं. त्याच चाचणीत, ज्यांचे आकडे दोन रेघांच्या मधोमध होते अशा बायकांपुरतं पाहिलं तर उपचार मिळालेल्यांची वजनदार बाळं बरीच कमी होती. म्हणजे तिथेही एका वाक्यात निकाल लागत नाही. काठावरच्या बाईला हलका, बिनधोक उपचार द्यावा आणि जड पावलं उचलायची घाई करू नये, असा मी त्याचा अर्थ लावते. आहार आणि चालणं हा तसा उपचार आहे. चुकीच्या बाईला मिळाला तरी तिचं काही बिघडत नाही.

काकूंचा सल्ला या कसोटीवर टिकत नव्हता. त्यांच्या स्वतःच्या मधुमेहाला तो लागू असेल नसेल, पण गरोदर बाईच्या पोटात दिवसाला किमान 175 ग्रॅम कर्बोदकं जावीत असं धरलं जातं. कारल्याचा रस आणि मेथीचं पाणी औषधाच्या मात्रेत गरोदरपणी सुरक्षित आहे याचा भरवशाचा पुरावा नाही. ते त्याच दिवशी बंद केलं. भाजीतली मेथी चालू.

वही

खाण्यावरचे वाद बोलून मिटत नाहीत. सासूबाईंचं खरं की काकूंचं, याचा निवाडा मी करायला गेले असते तर तिसरा पक्ष झाले असते. म्हणून ग्लुकोमीटर आणि शंभर पानी वही. जेवणाचा पहिला घास घेतला ती वेळ लिहायची, त्यापासून दोन तासांनी बोट टोचायचं, आणि काय खाल्लं ते वाटी-चमच्याच्या मापात लिहायचं. दिवसात दोनदाच, आळीपाळीनं वेगवेगळ्या जेवणांनंतर. पट्ट्या महाग असतात, उगाच रोज सहा वेळा टोचण्यात अर्थ नाही.

दुसऱ्याच दिवशी वहीत 186 हा आकडा आला. खाल्लं होतं एक भाकरी, मटकीची उसळ आणि ताक. घरात रडारड. मी फोनवर विचारलं, टोचायच्या आधी काय करत होतीस? आईला गूळ चिरून देत होते, म्हणाली. साबणानं हात धू, नीट पुसून कोरडा कर आणि पुन्हा टोच. 117. बोटाला लागलेला गूळ मीटरनं इमानेइतबारे मोजला होता. तेव्हापासून वहीच्या वरच्या कोपऱ्यात "हात धुतले" असं लिहून टिचकी मारायची पद्धत ठेवली. मीटर अगदी चांगला असला तरी 15 टक्के इकडेतिकडे चालतं, हेही तिला सांगितलं. म्हणजे 118 आणि 123 यांत जीव अडकवायचा नाही, आठवड्याचा कल पाहायचा.

दोन आठवड्यांत वहीनं जे दाखवलं ते कुठल्याही तक्त्यापेक्षा उपयोगी होतं. ज्वारीची एक भाकरी, घट्ट उसळ, मेथीची भाजी, कोशिंबीर: 110 ते 118. त्याच जेवणात दीड भाकरी झाली की 130 च्या घरात. ज्वारी चांगली म्हणून ती मोजायची नाही, असा एक समज आपल्याकडे पसरला आहे. गावाकडच्या एका मोठ्या भाकरीत जवळपास 50 ग्रॅम कर्बोदकं असतात, ती रक्तात उतरणारच. रात्रीच्या वरण-भातात मोजका वाटीभर भात आणि सोबत अंडं किंवा उसळ घेतली तर 119. नुसता मऊ भात नि पातळ आमटी घेतली तर 141. सकाळचे पोहे 134, त्यात मोड आलेली मटकी आणि शेंगदाणे वाढवून पोहे कमी केले तर 116.

सर्वांत मोठा खरा आकडा आला चतुर्थीच्या दिवशी. साबुदाण्याची खिचडी, वर एक केळं. 158. उपास म्हणजे हलकं खाणं अशी आईची समजूत होती. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, आणि दिवसभर रिकाम्या पोटी राहून तो एकदम खाल्ला की साखर उसळणारच. मी उपास सोड म्हटलं नाही. आईनंच आकडा वाचला आणि म्हणाल्या, गणपतीला माझ्याकडून सांगते, पोरगी यंदा जेवून उपास करील.

सासूबाईंचा लाडूही वहीत मांडला. जेवणानंतर एक आख्खा लाडू: 149. चार वाजता उपाशीपोटी अर्धा लाडू, सोबत कपभर दूध: 121. सासूबाईंना तिनं फोनवर हे आकडे सांगितले तेव्हा त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, पुढच्या डब्यात बारके वळते, गूळ कमी घालते. गेले पंधरा दिवस दोन्ही घरांत जे कुणाला बोलून साधलं नव्हतं ते वहीनं साधलं, कारण वही कुणाच्या बाजूची नव्हती.

"दोन जिवांचं खा" या म्हणण्यात त्यांची माया होती, प्रमाण मात्र फार होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत रोजची वाढीव गरज 350 किलोकॅलरी. म्हणजे नेहमीच्या जेवणावर साधारण एक भाकरी आणि वाटीभर उसळ. वजन दुसऱ्या आठवड्यात पूर्ववत चढायला लागलं, कीटोन गेले.

खाली असलेली वार

चालण्याचा वाद खरा होता, कारण दोन्ही बाजूंना डॉक्टरांचा कागद होता. विसाव्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये वार गर्भाशयाच्या तोंडाच्या जवळ असल्याचं लिहिलं होतं. त्या टप्प्यावर हे बऱ्याच बायकांत दिसतं. गर्भाशय वाढत जातं तसं वार आणि तोंड यांतलं अंतरही वाढतं आणि दहातल्या नऊ जणींत प्रसूतीच्या आधी ती वर गेलेली असते. 32 व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करून बघायचं, एवढाच त्या शेऱ्याचा अर्थ. खाटेवर झोपून राहिल्यानं वार वर जाते याला काही आधार नाही. उलट दिवसभर पडून राहिल्यानं साखर वाढते, पायांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, स्नायू ढिले पडतात.

तरी हा निर्णय माझा नव्हता. माहेरच्या डॉक्टरांना विचारलं: रक्तस्राव झालेला नाही, पोटात कळा नाहीत, तर जेवणानंतर अंगणात पंधरा मिनिटं चालली तर चालेल का? त्यांनी हो म्हटलं. जड उचलणं, शरीरसंबंध आणि लांबचा खडखडाटी प्रवास पुढच्या सोनोग्राफीपर्यंत टाळायला सांगितला. एक थेंबभरही रक्त दिसलं, दुखो वा न दुखो, तर वाट न बघता थेट दवाखाना, हे तिघींनी पाठ केलं. 32 व्या आठवड्यात वार सुरक्षित अंतरावर गेलेली होती. बाळाची वाढही मापात.

ज्यावर कुणी भांडत नव्हतं

फाइल उलटताना मला एक जुना कागद सापडला. 24 व्या आठवड्यातलं हिमोग्लोबिन 9.7. गरोदरपणात 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या गरोदर बायकांपैकी 52.2 टक्के या रेषेखाली होत्या. या आकड्याबद्दल दोन डॉक्टरांत मतभेद नव्हता, सासर-माहेरात वाद नव्हता, म्हणून त्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. सगळं घर 149 की 144 यात गुंतलेलं, आणि गोळ्यांची पाकिटं नणंदेच्या एका वाक्यावर कपाटात पडून. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं. साखरेचा आकडा काठावरचा होता. हिमोग्लोबिनचा आकडा कुठल्याही निकषानं काठावरचा नव्हता. प्रसूतीत रक्त गेलं तर आधीच रक्त कमी असलेल्या बाईकडे राखीव काही नसतं.

लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं, बाळ होत नाही. मळमळ आणि बद्धकोष्ठता मात्र खरी असते, आणि "उष्ण पडतात" म्हणताना बायका बहुतेक त्याच त्रासाबद्दल बोलत असतात. तो त्रास खोटा ठरवून चालत नाही. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली, त्यानंतर चहा नाही, आणि कॅल्शियमची गोळी सकाळी, म्हणजे दोन्हींत भरपूर अंतर. नेहमीची मात्रा दिवसाला 60 मिलिग्रॅम लोहाची एक गोळी. रक्त कमी असल्यानं डॉक्टरांनी दोन केल्या. नणंदेला मी फोन केला नाही. तिनं स्वतःच्या बाळंतपणात गोळ्या सोडल्या होत्या आणि तिला पुढे रक्त चढवावं लागलं होतं, याची आईनंच लेकीला आठवण करून दिली. 36 व्या आठवड्यात हिमोग्लोबिन 10.9.

शेवटच्या महिन्यात आणखी दोन सल्ले आले. त्यातला एक निरुपद्रवी होता: नववा लागला की दुधातून तूप घे, सुटका सोपी होते. तुपाचा आणि जननमार्गाचा संबंध नाही, पण चमचाभर घेतल्यानं बिघडणार नव्हतं, फक्त वहीत लिहायचं ठरलं. दुसरा सल्ला घातक होता. कुणीतरी म्हणालं, आता बाळाला जागा कमी पडते, ते कमीच हलतं, काळजी करू नकोस. हे आईला आणि तिला दोघींना समोर बसवून खोडलं. शेवटच्या आठवड्यांत हालचालीची तऱ्हा बदलते, पण हालचाल कमी होत नाही. नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, रात्र असली तरी. 28 व्या आठवड्यापासूनच पाठीवर न झोपता कुशीवर झोपायचं असतं. डावी की उजवी यावर घरात खल सुरू झाला होता, अभ्यासांत दोन्ही कुशी सारख्याच ठरल्या आहेत.

दोन आठवड्यांनंतर जेवणानंतरचे बहुतेक आकडे 120 च्या आत राहिले, औषध लागलं नाही. साखर आहारावर ताब्यात असताना केवळ तेवढ्यासाठी 39 आठवड्यांच्या आधी प्रसूती करण्याची गरज नसते, हे माहेरच्या डॉक्टरांनीच नवऱ्याला सांगितलं, कारण त्याच्या एका सहकाऱ्यानं "शुगरवाल्यांचं लवकर सिझर करतात" म्हणून त्याला घाबरवलं होतं. कळा आपणहून 39 व्या आठवड्यात सुरू झाल्या. नॉर्मल प्रसूती, 2.9 किलोची मुलगी.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासायची असते, आणि ही तपासणी सर्वांत जास्त बुडते. सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही म्हणतात, पण सहा आठवडे म्हणजे 42 दिवस, तोवर सव्वा महिना उलटून गेलेला असतो. बाळाची दीड महिन्याची लसही त्याच सुमारास असते. म्हणून एकाच फेरीत दोन्ही कामं ठरवली: पहाटे बाळाला पाजायचं, उपाशीपोटी निघायचं, ग्लुकोज प्यायचं, दोन तासांत बाळाची लस उरकायची. दोन तासांचा आकडा 126 आला, 140 च्या आत.

निदानाच्या नावावर दोन्ही डॉक्टर शेवटपर्यंत आपापल्या जागी ठाम राहिल्या आणि मला त्यात वावगं वाटत नाही. घरी सोडतानाच्या कार्डावर माहेरच्या डॉक्टरांनी मधुमेह असं लिहिलं नाही. त्यांनी चारही आकडे लिहिले, प्रत्येकापुढे तपासणी कशी झाली ते लिहिलं: जेवून की उपाशी, किती तासांनी, कोणत्या आठवड्यात. त्याखाली, दर वर्षी साखर तपासावी आणि पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत ग्लुकोजची तपासणी करावी. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सातपट असल्याचं 2009 च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं. काठावरच्या बाईचा नेमका किती, ते अशा वार्षिक तपासणीतूनच कळतं. कार्डाची एक झेरॉक्स सासरच्या आरोग्य केंद्रात आशाताईंकडे गेली, एक नवऱ्याच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवली, आणि पहिली वार्षिक तपासणी मुलीच्या वाढदिवसाच्या महिन्यात करायची असं तिनं ठरवलं आहे.